डावीकडे चढलेली कवळी

प्रिय धाकट्या,

हे पत्र हातात पडल्यावर तू आधी काय करशील ते मला माहीत आहे. अक्षर बघशील. ताईचं अक्षर किती सुधारलंय बघ, असं म्हणत कागद बायकोला दाखवशील, आणि बाळाने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चमचा धरला की लोक करतात तसा चेहरा ती करेल. करून घ्या काय कौतुक करायचं ते. मग तिला कुठल्यातरी कामाला पाठव आणि एकटा बसून वाच. हे मी तोंडाने सांगू शकले असते, पण तशी सोय तू ठेवलेली नाहीस. मी आवाज चढवला की तू पाण्याचा ग्लास घेऊन येतोस. मी एखाद्या शब्दावर अडले की तू तो माझ्या तोंडात कोंबतोस, आणि बहुतेक वेळा भलताच कोंबतोस. मी खरोखर चिडले तर तुम्ही दोघं एकमेकांकडे ज्या नजरेने बघता ती मला पाठ झाली आहे. ती नजर म्हणते, मनावर घेऊ नका, डोक्याला मार लागलाय, त्यातून बोलतेय ती. कागदाला पाणी पाजता येत नाही, म्हणून पत्र. चित्रवालीच्या, म्हणजे चित्रांचे कागद देऊन माझ्याकडून डोक्याचे व्यायाम करून घेते तिच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर नंबर यायची वाट बघत मी हे लिहिते. अर्धं पान झालं की डोळ्यांमागे ठणकायला लागतं, मग बंद करते. त्यामुळे ह्याला बरेच दिवस लागलेत. एका झटक्यात चिडून लिहिलंय अशी समजूत करून घेऊ नकोस. मी सावकाश, थांबून थांबून चिडलेली आहे.

पडल्याचं मला स्वतःला काहीही आठवत नाही. जे आहे ते तू सांगितलेलं, आणि तू ते इतक्यांदा सांगितलंस की आता मला माझंच वाटायला लागलंय. आपल्या कवळ्यांच्या लॅबमध्ये वरच्या फळीवरून कुणाच्यातरी जबड्याचा जुना साचा काढायला मी स्टुलावर चढले, स्टूल कललं, आणि पडताना डोक्याची उजवी बाजू प्लास्टर कालवायच्या दगडी ओट्याच्या कडेवर आपटली. साचा हातातच राहिला, त्याचा टवकासुद्धा उडाला नाही, हे तू प्रत्येक पाहुण्याला अशा थाटात सांगतोस जसं काही मी सर्कशीत काम करते. मग ऑपरेशन झालं. मग पुष्कळ दिवस मी कुणालाच ओळखत नव्हते, आणि ओळखायला लागले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत कधीतरी तू माझा हात धरून रडत मला सांगितलंस की स्टुलाचा पाय डुगडुगत होता आणि तो ठोकायचं तू आज-उद्यावर ढकलत होतास. तेव्हा मला नीट बोलता येत नव्हतं, उत्तर राहून गेलं. आता देते. ते स्टूल डुगडुगतं हे मलाही माहीत होतं. बूड माझं होतं, स्टूल त्याच्याखाली होतं, तुझ्याआधी मलाच कळणार. माझ्या प्रत्येक भल्याबुऱ्याला तूच कारण असायला हवास, एवढा मोठा तू नाहीस. पण तुझा तो अपराधीपणा तू दीड वर्ष माझ्या डोक्यावर ठेवून फिरतोयस, आणि डोकं आधीच फुटलेलं आहे.

बरं होणं म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नसतं, तरी सांगायला मात्र सगळे येतात. तुझे सासरे अक्रोडांची पिशवी घेऊन आले. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चांगला. ह्या हिशेबाने त्यांनी रोज भोपळा खायला हवा. वरच्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली, तिच्या ओळखीत एकजण असाच डोक्यावर पडला आणि उठला तो तोंडी गुणाकार करत. तिचा सूर असा की मी ही संधी वाया घालवली. दिसत तर नाही काही, हे तर येणारा प्रत्येकजण म्हणतो. जखमेवर केस आले की लोकांच्या लेखी माणूस बरा झाला. माझी ती जिवाभावाची मैत्रीण, मी बेशुद्ध होते तेव्हा रोज यायची, काचेला नाक लावून उभी राहायची म्हणे. मी शुद्धीवर आल्यावर आठवड्याने यायला लागली, चालायला लागले तेव्हा महिन्याने, आणि आता फोनवर भेटू भेटू करते. मरणाच्या दारातल्या माणसाला बघायला गर्दी होते. तो दारातून परत आला आणि उंबऱ्यावरच बसून राहिला तर लोकांना कंटाळा येतो. आणि तुझी बायको! ती माझ्याशी मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून बोलते, जशी काही मी नदीच्या पलीकडच्या काठावर उभी आहे. तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर माझ्यासाठी चिठ्ठ्या चिकटवल्यात. साखरेचा डबा उघडला तर आत पीठ. माझं डोकं बिघडलंय म्हणून हिच्या डोक्याची तपासणी कुणी करत नाही.

खरं काय होतं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. सकाळी उठल्यावर माझ्याजवळ एका माणसाला पुरेल एवढी शक्ती असते, आणि ती तोंड धुऊन कपडे बदलेपर्यंत निम्मी संपते. भांड्यांचा आवाज कवटीच्या आत होतो. दोन माणसं एकाच वेळी बोलली की मला दोघांचंही कळत नाही, आणि मग मी जे हसते ते तुम्हाला गोड वाटतं. वास गेला तो गेलाच. आणि डावीकडचं जग मधूनमधून नाहीसं होतं. अंधार होत नाही, काळं दिसत नाही, तिकडे काही असायचं होतं हेच डोक्यात येत नाही. म्हणून ताटातलं डावीकडचं तसंच राहतं आणि तू म्हणतोस ताईची भूक कमी झाली. म्हणून माझा डावा खांदा प्रत्येक चौकटीला आपटतो. चित्रवाली मला एक कागद देते, त्यावर सगळीकडे तारे काढलेले असतात, सगळ्यांवर काट मारायची. मी उजवीकडचे मारते आणि विजयी मुद्रेने पेन्सिल खाली ठेवते. मग ती पोरगी, जिचे अक्कलदाढेचे दिवस अजून सरले नसतील, लाडिक आवाजात म्हणते, अरेच्चा, इकडचे तारे आपल्यावर रुसले वाटतं! तो आवाज ऐकून मला तिच्या त्या पेन्सिली तिच्याच अंबाड्यात खोचाव्याशा वाटतात. पण एक आहे. बोलते अशी, तरी राहिलेला प्रत्येक तारा ती बोट ठेवून दाखवते. चुकलंय ते चुकलंय म्हणते. म्हणून मी अजून तिच्याकडे येते.

थंडी सरता सरता तू म्हणालास, ताई, लॅबमध्ये येऊन बसतेस का, जमेल तसं थोडं थोडं कर. धाकट्या, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. तुला सांगितलं नाही, तू ग्लास घेऊन आला असतास. माझी खुर्ची खिडकीपाशी तशीच होती. स्पिरिटचा दिवा, मेणाची सुरी, दातांच्या पट्ट्या, सगळं जागच्या जागी. मेणाचा वास आला नाही, पण तापलेली सुरी टेकवल्यावर ते कुठल्या क्षणी सैल होतं हे बोटांना ठाऊक होतं. बोटांनी माझी लाज राखली. पहिल्या कवळीचे दात मेणात लावायला पूर्वीच्या चौपट वेळ लागला, मध्ये दोनदा ओट्यावर डोकं टेकून झोपले. ती मी तुझ्यासमोर ठेवली. तू ती उचलून इकडून तिकडून फिरवलीस आणि म्हणालास, छान. दुसरी दाखवली, छान. तिसरी, फारच छान. मला तिथेच कळायला हवं होतं. हा शब्द आपल्या लॅबमध्ये त्याआधी कुणी उच्चारलेला नव्हता.

बाबांचा नियम तू विसरला नसशील, डोकं माझं फुटलंय. एकाने लावलेली कवळी दुसऱ्याने तपासायची आणि तिच्यात एक तरी खोड काढल्याशिवाय ती डॉक्टरांकडे धाडायची नाही. खोड सापडत नसेल तर कवळी चांगली आहे असं नाही, बघणाऱ्याचे डोळे शिणलेत. त्याने चहा पिऊन यायचं आणि पुन्हा बघायचं. माझी पहिली कवळी बघून तू म्हणाला होतास, हा गृहस्थ हसला तर मुलं पळून जातील. मी तुझ्या एका कवळीला म्हणाले होते, ही घालून फक्त सांत्वनाला जाता येईल. आपण रागाने दोन-दोन दिवस एकमेकांशी बोलायचो नाही, पण कवळी दुरुस्त होऊन जायची, आणि पुढे कित्येक वर्षं कुणीतरी तिने पोटभर जेवायचं. मी इतकी वर्षं ह्यालाच घर समजत आले. आणि आता तू मला छान म्हणायला लागलास. वर बातम्याही आणायचास. चौकातले डॉक्टर म्हणाले एकदम फिट बसली, पेशंट खूश आहे. चौकातले डॉक्टर! ज्या माणसाने स्वतःच्या लग्नात नवरीच्या दातांबद्दल कुरकुर केली असेल, तो माझ्या कवळ्या एका बैठकीत पसंत करायला लागला. मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला, दुसरं काय.

मग तो वकील आला. म्हणजे आला नाही, तू त्याचं काम माझ्यापुढे ठेवलंस. वरचा आणि खालचा असे दोन साचे, जबड्यासारखं उघडमीट करणाऱ्या बिजागरावर बसवलेले, वर चिठ्ठी, अमुक वकील, जरा घाई आहे. मी सवयीने खालच्या साच्यावर अंगठा फिरवला. आतल्या बाजूला, जीभ टेकते तिथे, हाडाचे दोन उंचवटे, वाटाण्याएवढे, एक दुसऱ्याच्या जरा मागे. हे बघ, मला तुझ्या मेहुणीचं नाव आठवत नाही. परवा मी किल्लीला चमचा म्हणाले आणि तुम्ही सगळे कौतुकाने हसलात. पण तो जबडा मी आधी हाताळलेला होता. त्या उंचवट्यांवर कवळी घासून जखम व्हायची म्हणून दर वेळी तेवढी जागा मीच खरवडून मोकळी केलेली होती. तो गणित शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंचा जबडा होता. त्या माझ्या अपघाताच्या आधीच वारल्या, आणि त्यांना शेवटचं बघायला तू स्वतः गेला होतास. बाबांच्या वेळेपासून आपण प्रत्येक साच्याची एक जादा प्रत फळीवर ठेवतो. तू त्या फळीवरून मेलेल्या माणसांचे साचे काढून, वर जिवंत माणसांच्या चिठ्ठ्या डकवून, मला काम म्हणून देत होतास. ही माणसांची नावं विसरते म्हणजे जबडेही विसरली असेल, असा तुझा हिशेब. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून मी माणसं कुठून ओळखते एवढंही तुला कळलं नाही. फसवायचं तर निदान मन लावून फसवायचं, धाकट्या. चारचौघांसारखा एखादा गुळगुळीत जबडा तरी निवडायचास.

त्या दिवशी मी वकिलाची कवळी लावून दिली, तू छान म्हणालास. पण माझ्या कवळ्या मग जातात कुठे, हा प्रश्न डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी तू डॉक्टरांकडे कवळ्या पोचवायला बाहेर पडलास, तुझी बायको जेवायला वर गेली, आणि मी शोधायला लागले. पॉलिशच्या यंत्राखालचं कपाट, जुन्या गमबुटांच्या मागे पुठ्ठ्याचं खोकं. सगळ्या होत्या. मेणातच राहिलेल्या, कारण त्या पक्क्या करायचं काम तुझं, आणि ते तू केलंच नव्हतंस. एकेक वेगळ्या फडक्यात गुंडाळलेली, मेण दबू नये म्हणून मध्ये कापूस घातलेला. ते बघून मला तुझी किळस आली आणि त्याच वेळी तुझ्या गालावरून हात फिरवावासा वाटला, आणि दोन्हींचा मला राग आला. फेकून तरी द्यायच्यास! तुला धड खोटंही बोलवत नाही आणि खोट्याचा पुरावाही टाकवत नाही.

मग मी त्या तपासल्या. बाबा करायचे तशा एकेक वरची कवळी काचेवर पालथी ठेवली, डोळे काचेच्या पातळीला आणले. सगळ्या बरोबर दिसल्या. माझा जीव भांड्यात पडला, मला वाटलं धाकटा नुसताच मूर्ख आहे, काम तर माझं चोख आहे. आणि मग मला चित्रवालीचे ते रुसलेले तारे आठवले, आणि मी काच अर्धा फेरा फिरवली. माझ्या डाव्या हाताची बाजू उजवीकडे आली. त्या बाजूचे मागचे दात काचेला टेकलेच नव्हते. वर चढलेले होते, सगळेच्या सगळे, मधून कागद जाईल एवढे. पेशंटला त्या बाजूने काहीच चावता आलं नसतं. मी खाली फरशीवर बसले, आणि पहिल्यांदाच मला खरी भीती वाटली. हॉस्पिटलमध्येही वाटली नव्हती, तेव्हा भ्यायला पुरेसं डोकंच शिल्लक नव्हतं.

तेव्हा तुझं बरोबर होतं, हे आताच लिहून टाकते. त्या कवळ्या कुणाच्याही तोंडात जाण्यासारख्या नव्हत्या. पण मी आणखी एक केलं. अगदी पहिली लावलेली कवळी आणि मास्तरीणबाईंची, दोन्ही शेजारी ठेवल्या. सारख्याच चढलेल्या. केसभरही फरक नाही. इतके महिने मी रोज बसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत बसले, आणि एका केसाइतकीही सुधारले नाही, कारण चुकतंय हे मला कुणी सांगितलंच नाही. ताई, डावीकडे चढतंय. तीन शब्द. एवढे जरी तोंडातून काढले असतेस तर मी चिडले असते, सुरी आपटली असती, तुझ्या बायकोला सुनावलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ती बाजू उतरवायला बसले असते. चित्रवाली सांगते, माझं डोकं सध्या नव्याने शिकायला बघतंय, हे दिवस मोलाचे आहेत. ते तू मला छान छान म्हणत खाऊन टाकलेस. तुला वाटतं तू दया केलीस. मला विचारशील तर तू स्वतःचं रडणं वाचवलंस. चूक दाखवली तर ताईचा चेहरा पडेल, आणि तो पडलेला चेहरा बघायची तुझी हिंमत नव्हती. तुझ्यासारख्या मऊ माणसांचं मला नेहमीच नवल वाटतं. त्यांच्या मऊपणाखाली दुसरा गुदमरतोय हे त्यांना कळत नाही, ते आपले आणखी एक उशी आणतात.

आता जे सांगणार आहे ते वाचून तुला पाण्याचा ग्लास लागेल, तो तूच पी. मी मास्तरीणबाईंची कवळी पुन्हा बिजागरावर चढवली, ते पिशवीत घातलं आणि घोडेवाल्याकडे गेले. हो, तोच, बाबांच्या हाताखाली शिकून, बाबांशी भांडून बाहेर पडलेला, बाजारामागच्या गल्लीतला, ज्याच्या कवळ्यांना आपण घोड्याचे दात म्हणतो. माझ्या अपघातानंतर भेटायला न आलेला तो एकटाच. त्याची लॅब म्हणजे उकिरडा आहे. ओट्यावर कालचं प्लास्टर, चहाच्या कपात मेणाचा तुकडा, आणि त्याचं काम अजूनही तसंच, ते दात घालून माणूस हसत नाही, खिंकाळतो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, आधी बिजागराकडे बघितलं. उघडलं, मिटलं, चष्मा वर केला. म्हणाला, "ही कुणी लावली? डावीकडे बघायला विसरला का तो?" मी म्हटलं, मी लावली. तो म्हणाला, "मग तू विसरलीस." बस्स. चेहरा नाही, नजर नाही, पाणी नाही. मला माझ्या डोक्याची हकिगत सांगायला त्याने जागाच ठेवली नाही. त्याने तापलेल्या सुरीने त्या बाजूचे सगळे दात माझ्यासमोर उपटले, ओट्यावर टाकले, आणि म्हणाला, लाव. मी लावले. तो म्हणाला, अजून चढतंय. पुन्हा उपटले. मला त्याचा इतका राग आला की घाम फुटला, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू. दीड वर्षाने माझ्याशी कुणीतरी माणसासारखं भांडत होतं. मग त्याने बिजागर माझ्यासमोर आडवं फिरवलं, म्हणाला, तुला जी बाजू दिसत नाही ती आधी लावत जा, दिसणारी कुठे पळून जात नाही. तिसऱ्यांदा लावले. तेही नीट नव्हते. पण ह्या वेळी, धाकट्या, तो तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, मागची दाढ अजून वर आहे. ते माझं मला दिसलं. घोडेवाला म्हणाला, "हं," आणि स्वतःच्या कामाला लागला.

तर सोमवारपासून मी त्याच्याकडे कामाला जाणार आहे. एवढं सांगण्यासाठीच हे पत्र. राहीन तुमच्याकडेच, जेवीन तुमच्याच टेबलावर, आणि जेवताना त्याच्या घाणेरड्या लॅबबद्दल बोलेन ते तुम्ही ऐकून घ्यायचं. मला परत न्यायला येऊ नकोस. त्याला गुपचूप फोन करून ताईला जरा सांभाळून घ्या असं म्हणू नकोस. तुझ्या मनात ते आत्ताच आलं असणार. तसं केलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि तो अबोला तुला माझ्या डोक्याच्या खात्यावर टाकता येणार नाही. तू म्हणशील, ताई, थांब, आता मी चुका दाखवेन. नाही दाखवता येणार तुला. तुझा माझ्यावर जीव आहे, आणि त्याने तुझे डोळे कामातून गेलेत. घोडेवाल्याचा माझ्यावर काडीचाही जीव नाही, म्हणून मी त्याच्याकडे जाते. भीती वाटतेच. ही बाजू कदाचित कधीच उतरणार नाही, आणि तसं असेल तर ते कुणीतरी मला माझ्या तोंडावर सांगायला हवं, माझ्या पाठीमागे फडक्यात गुंडाळून ठेवायला नको. पहिलं काम त्याने मला स्वतःच्या सासऱ्याचं दिलंय. म्हातारा जिवंत आहे, मी समोर बसवून खात्री करून घेतली. अतिशय किरकिरा आहे, आजवर जावयाची एकही कवळी त्याला पसंत पडलेली नाही. पुढच्या आठवड्यात माझी कवळी त्याच्या तोंडात जाईल, दोन दिवसांत तो ओरडत परत येईल, आणि तोंडात बोट घालून नेमकं कुठे टोचतंय ते मला दाखवेल. मी त्याची वाट बघतेय.

तुझ्यावर मनापासून चिडलेली, आणि तरीही तुझीच,
ताई